वरच्या खोलीतली झोप

उर्वीने बटण दाबलं. खटका झाला, पण उजेड पडला नाही.

"निघाला?" स्टुलावर बसलेल्या उल्काकाकूंनी ओठ फारसे न हलवता विचारलं.

"फ्लॅश नाही लागला. परत एकदा हं, काकू."

दुसऱ्या खटक्यालाही काही झालं नाही. तिसऱ्याला पांढऱ्या छत्रीच्या पोटात लख्ख उजेड फुटला आणि सगळं बेसमेंट, वॉटर हीटर, इस्त्रीचं टेबल, भिंतीशी रचलेली डायपरची खोकी, क्षणभर दुधात बुडून वर आलं. पण नेमका तेव्हाच काकूंनी नाक खाजवायला हात वर केला होता. चौथा खटका पुन्हा कोरडा.

उर्वीने कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहिलं. चारातले तीन फोटो काळे होते. अगदी काळे म्हणता आले नसते. डोळे बारीक केले की त्या काळ्यात मोत्यांच्या कुड्या दिसायच्या, चष्म्याची वरची कड दिसायची, आणि तेवढ्या आधारावर तळ्याच्या तळाशी कुणीतरी शांत बसून आहे असं वाटायचं. तिची नजर तिथून उठली आणि सवयीने स्टँडकडे गेली. फ्लॅशच्या बरोबर खाली, स्वतःच्या डोळ्यांच्या उंचीवर, तिने केसांच्या क्लचरने बेबी मॉनिटर अडकवला होता. तळहाताएवढ्या राखाडी पडद्यावर ओजस पालथा झोपला होता. पाठ वर आली, खाली गेली. वर आली, खाली गेली. तिसऱ्यांदा वर आल्यावर उर्वीने कॅमेरा पुन्हा डोळ्याला लावला.

रात्रभर पडलेला बर्फ सकाळी थांबला होता. बेसमेंटची एकुलती खिडकी छताजवळ होती, जमिनीच्या पातळीला, आणि ती अर्धी बर्फाने झाकली गेली होती. त्यातून गाळून आलेला निळसर उजेड खोलीत कुठेच न टेकता तरंगत होता. काकू चार घरं पलीकडून चालत आल्या होत्या. वर चिंतामणी रंगाची नारायणपेठ, मोत्यांचा सर, नीट बसवलेला अंबाडा. आणि खाली गुडघ्यापर्यंतचे बर्फाचे बूट. बूट काढून ठेवा म्हटल्यावर त्या म्हणाल्या होत्या, "राहू देत. फोटो छातीपर्यंतच हवाय. खाली कोण बघतंय."

हा फोटो कशासाठी हवा आहे ते त्यांनी पहिल्याच दिवशी, चहात बिस्किट बुडवता बुडवता सांगितलं होतं. हार घालायचा फोटो. गुरुनाथकाका गेल्या वर्षी गेले, तेव्हा दोन दिवसांत धड फोटो सापडला नाही. शेवटी मुलाने मंडळाच्या पिकनिकमधला एक कापून मोठा करून घेतला. त्यात एका कडेला दुसऱ्याच कुणाचा तरी खांदा होता आणि काकांच्या हातात अर्धं खाल्लेलं कणीस.

"माणूस पन्नास वर्षं टाय लावून हिंडला," काकू म्हणाल्या होत्या, "आणि भिंतीवर कणीस घेऊन उभा आहे. मला माझं कणीस नकोय. माझा फोटो मी बघून, पसंत करून जाणार."

उर्वीने तेव्हा पटकन "मी काढते" म्हटलं होतं. कॅमेरा तिने ओजसच्या आधी घेतला होता, आणि ओजस आल्यापासून त्यात ओजसखेरीज काही आलं नव्हतं. तेरा महिन्यांत तिने दुसऱ्या कुणाला "मी करते" म्हटल्याची ही पहिलीच वेळ. आज तिसरी बैठक होती. पहिल्या दोन अशाच गेल्या होत्या: खटका, अंधार, खटका, अंधार, आणि मधेच कुठेतरी एक उजेड, जो काकूंना मिटल्या डोळ्यांनी पकडायचा. उद्या सकाळच्या विमानाने काकू मुलाकडे, टेक्ससमधल्या फ्रिस्कोला निघाल्या होत्या. एप्रिलपर्यंत, असं त्या म्हणत. मुलगा मात्र घर विकण्याविषयी बोलू लागला होता.

पाचवा खटका. सहावा. सातव्याला उजेड, पण अर्धवट झाकलेल्या डोळ्यांवर.

"वायर नाही का गं मिळत याला? सरळ जोडून टाकायची."

"मागवलीये. सोमवारी येणार."

"सोमवारी मी टेक्ससात." काकूंनी मान मोकळी केली. "कॅमेऱ्यावरच लाव ना तो फ्लॅश."

"मग चष्म्यात दोन पांढरे गोळे येतात. आणि चेहरा सपाट. पासपोर्टसारखा."

"नको बाई. पासपोर्टवर मी गुन्हेगार दिसते."

उर्वी हसली. कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खोबणीत बसवलेला काळा ट्रान्समीटर तिने पुन्हा दाबून पाहिला. बोटाच्या पेराएवढा दिवा हिरवा होता. फ्लॅशच्या पायाशी असलेल्या रिसीव्हरचाही हिरवा. दोघं एकमेकांना ओळखत होते, पण हाक मारली की दुसऱ्याला ती कधी पोचायची, कधी नाही. सगळ्यांत स्वस्त जोडी होती ती. तिने दोनदा रिव्ह्यू वाचून घेतली होती, आणि अर्ध्या लोकांनी "उत्तम" तर अर्ध्या लोकांनी "कचरा" म्हटलं होतं.

पुण्यात, हिंजवडीला, उर्वी चार वर्षं टेस्टिंगमध्ये होती. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, आणि त्या पुन्हा कशा घडवून आणता येतील ते पायरी-पायरीने लिहायचं, हे तिचं काम. कधी घडते, कधी घडत नाही, अशी चूक सगळ्यांत वाईट. तिला एकच औषध, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तिने तशी यादी फोनमध्ये केली होती. नवे सेल. महागडे सेल. चॅनल एक ते सोळा. खोबणीतले पितळी ठिपके खोडरबरने घासून. शटर एकशेपंचवीसवर. छत्री काढून. वायफाय बंद करून. मायक्रोवेव्ह बंद असताना. अंतर चार फूट, आठ फूट, बारा फूट. सतराव्या ओळीत तिने लिहिलं होतं: वापरणारी व्यक्ती.

कारण रविवारी संध्याकाळी तिच्या नवऱ्याने, ऋषीने, वीस वेळा बटण दाबलं होतं आणि वीस वेळा उजेड पडला होता. त्याच्या खांद्यावर बसलेला ओजस प्रत्येक उजेडाला टाळ्या पिटत होता.

"तुझ्या हाताला गुण नाही यार," ऋषी म्हणाला होता. "मशीनला पण कळतं, ही टेन्शनवाली आहे."

त्यावर तिने उशी फेकून मारली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, ओजस झोपल्यावर, ती पुन्हा एकटी खाली आली आणि वीसातले चौदा फोटो काळे आले. मग तिने सतरावी ओळ लिहिली. विनोद म्हणून लिहिली होती, पण नंतर खोडलीही नव्हती.

"दोन मिनिटं थांबू या का?" काकू म्हणाल्या. "पाठीला रग लागली."

त्या उठल्या. बूट ओढत त्यांनी खोलीत एक फेरी मारली, छत्रीला वाकून आतून पाहिलं, आणि स्टँडपाशी येऊन थांबल्या. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मॉनिटरच्या पडद्याकडे पाहिलं. बघत राहिल्या, शेजारच्या बाळाला बघायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ. मॉनिटरमधून बारीक खळखळ येत होती. ओजसच्या खोलीत झोपेसाठी लाटांचा आवाज काढणाऱ्या यंत्राचा तो समुद्र होता. खोलीतला समुद्र, मग पडद्यातला समुद्र, दिवसभर, गेलं जवळजवळ वर्ष.

"छान आहे की श्वासांचा रेट," काकू म्हणाल्या. "बावीस-तेवीस."

"चोवीस," उर्वी म्हणाली.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. काकू भूल देणाऱ्या डॉक्टर होत्या. इथल्याच हॉस्पिटलांमध्ये त्यांनी चाळीस वर्षं झोपलेल्या माणसांच्या उशाशी बसून काढली होती.

"हा खोकाही इथेच असतो? दर वेळी?"

"मी फोटो काढत असले की इथे. म्हणजे फ्रेममधून डोळा काढला की दिसतो. नाहीतर खिशात."

"आणि ऋषीने काढले तेव्हा?"

"तेव्हा कशाला लागेल? ओजस तर त्याच्याच खांद्या..."

उर्वी थांबली. काकूंनी चष्मा कपाळावरून खाली आणला.

"आमच्याकडे सर्जनने कॉटरी लावली की ईसीजी वेडा व्हायचा," त्या म्हणाल्या. "म्हणजे रक्त थांबवायला ते डागणी देतात ना, ती. पडद्यावर नुसती झाडंझुडपं. नवीन मुलं घाबरून पेशंटकडे धावायची. पेशंट आपला मजेत. दोन यंत्रं एकाच वेळी बोलायला लागली की असं होतं." त्यांनी रिसीव्हरवर एक बोट ठेवलं, मग वीतभर खाली असलेल्या मॉनिटरवर. "हे आहे तुझ्या यादीत?"

उर्वीने फोन काढला. यादी वरपासून खालपर्यंत सरकवली, जणू कुणी मधल्या मधे ती ओळ घालून ठेवली असेल. वायफाय होतं, मायक्रोवेव्ह होता. सतराव्या ओळीत ती स्वतः होती. मॉनिटर नव्हता. छत, भिंती आणि हवाही नव्हती त्या यादीत.

"हे बंद नाही करता येत," ती म्हणाली.

"कोण म्हणतंय बंद कर."

ओजस नऊ आठवडे आधी आला होता. पहिले एक्केचाळीस दिवस तो काचेच्या पेटीत होता, आणि त्या पेटीच्या वर एक पडदा होता, हिरव्या, निळ्या आणि पांढऱ्या आकड्यांचा. त्यात दोनदा तो श्वास घ्यायचा विसरला. एकदा उर्वी समोर असताना. घंटा वाजली, नर्स सावकाश आली, तिने त्याच्या तळपायावर बोटाने एक टिचकी मारली, आणि तो पुन्हा सुरू झाला. "विसरतात ही कधीकधी," नर्स इंग्रजीत म्हणाली होती, केतलीखालचा गॅस बंद करायचा राहिला असावा अशा सुरात. घरी सोडताना त्यांनी त्याच्या अंगावरच्या वायरी काढल्या आणि तो उर्वीच्या हातात दिला, नुसता, आकड्यांशिवाय. पार्किंगमध्ये गाडीत बसल्या बसल्याच तिने हा मॉनिटर मागवला होता. आता तो तेरा महिन्यांचा होता, धरून चालत होता, पोळीचे तुकडे कुत्र्याला द्यावेत तसे खुर्चीखाली टाकत होता. त्याच्या डॉक्टरांनी वाढदिवसाच्या तपासणीत सांगितलं होतं की आता हा चारचौघांसारखा. उर्वीने मान डोलावली होती आणि खिशातल्या मॉनिटरची बॅटरी किती उरली आहे ते अंगठ्याने चाचपलं होतं.

तिने क्लचर काढला आणि मॉनिटर इस्त्रीच्या टेबलावर नेऊन ठेवला. तीन पावलं. परत येऊन पाच वेळा बटण दाबलं. तीनदा उजेड पडला.

"एका वेळी एकच गोष्ट," ती स्वतःशीच म्हणाली.

मग मॉनिटर जिन्याच्या पहिल्या वळणावर. पाचातले चार. तिथून पडदा टपालाच्या तिकिटाएवढा दिसत होता. ओजस त्यात होता, पण पाठ हलतेय की पडद्यावरचे ठिपके, हे सांगता येत नव्हतं. ती जिना चढून गेली, मॉनिटर हातात घेऊन मोजून आली. परत गेली. परत आली. मग सरळ वर गेली, स्वयंपाकघर ओलांडून, दुसरा जिना चढून, ओजसच्या खोलीत. अंधारात वाकून त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठ ऊबदार होती आणि घामाने किंचित ओलसर. त्याचा पाय झोपेत पायाशी पडलेल्या दुपट्ट्यावर एकदा घासला. ती खाली आली तेव्हा काकू स्टुलावर कोट मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"रिटायर झाले ना," काकू म्हणाल्या, जणू मघापासून त्या हेच सांगत होत्या, "तर सहा महिने मी रात्री उठून गुरुनाथांचे श्वास मोजायची. सवयच. हात मनगटावर ठेवायचा नाही, जागे होतील. नुसती छाती बघायची. एकदा मला म्हणतात, उल्का, तुझे मोजून झाले की सांग, म्हणजे मला कूस बदलता येईल."

"जागे होते?"

"रोज जागे असायचे. मला बरं वाटावं म्हणून संथ श्वास घ्यायचे." काकूंनी कोटाच्या बाहीवरचं एक लोकरीचं भेंडोळं चिमटीत धरून काढलं. "आणि गेले तेव्हा मी समोरच होते. दुपारचे साडेतीन. ते शब्दकोडं सोडवत होते, मी बघत होते. बघतच होते, उर्वी."

वरच्या खिडकीवरून बर्फाचा एक थर आवाज न करता घसरला आणि खोलीतला निळा उजेड थोडा पांढरा झाला.

"जाऊ दे आता," काकू कोटात हात घालत उठल्या. "मॉलमध्ये काढतात तिकडे. अर्णव घेऊन जाईल. त्याला म्हटलं तेव्हा म्हणाला, आई, डोंट बी मॉर्बिड. पण नेईल. नाहीतर मघाचा काळा चालेल. कुड्यांवरून लोक ओळखतील."

"बसा, काकू."

"अगं, तो उठेल एवढ्यात."

"बसा ना."

उर्वी जिन्याच्या वळणापर्यंत गेली. मॉनिटर हातात घेतला. राखाडी पडद्यावर ओजसने आता तोंड भिंतीकडे केलं होतं. त्याच्या डोक्यामागचा उलटा भोवरा दिसत होता. सोनोग्राफीतही तो असाच राखाडी होता, असाच कडेला तोंड करून. तिने कडेचं बटण दाबून धरलं. तीन सेकंद लागले. चित्र आधी फिकट झालं, मग गेलं.

समुद्र थांबला. तो थांबल्यावर घर ऐकू येऊ लागलं. घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा फिरत होता. पाइपात कुठेतरी पाणी उतरत होतं. बाहेर कुणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं, लांब, एकसारखं, दुसऱ्याच कुठल्या तरी गल्लीत असावं तसं. उर्वी मॉनिटर तिथेच पायरीवर पालथा ठेवून खाली आली. काकू पुन्हा स्टुलावर बसल्या होत्या, कोट बुटांवर पडला होता. त्यांनी पदर सारखा केला.

खटका. उजेड.

खटका. उजेड.

उर्वीने तिसऱ्यांदा दाबलं, चौथ्यांदा, पाचव्यांदा. छत्री दर वेळी उमलली. जिथे तो उजेड पडत होता तिथे काकू होत्या, मऊ, नीट, चष्म्यात एकही पांढरा गोळा नाही. पण चेहरा मात्र ताठ होता. हनुवटी वर, डोळे समोर, ओठ मिटलेले.

"काकू, तुम्ही सर्जनची वाट बघताय असं वाटतंय."

"सगळा जन्म तेच केलं. आठला बोलावलं की नऊला यायचे." तरी चेहरा सैल पडला नाही. "काय करू सांग. हसू? हाराखाली हसणारी माणसं मला आवडत नाहीत. काहीतरी लपवून गेल्यासारखी वाटतात."

"पेशंटला झोपवताना तुम्ही काय म्हणायचात?"

"काही नाही. शंभरपासून उलटे आकडे मोजा म्हणायचे. ब्याण्णवच्या खाली कुणी गेलेलं आठवत नाही. एक गणिताचा मास्तर होता, तो अठ्ठ्याऐंशीपर्यंत गेला आणि मधला एक आकडा चुकला म्हणून परत मागे आला."

"मग मोजा ना."

"मी?"

"हो. हळू. मराठीत."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं, ही पोरगी आपल्याला शिकवतेय की काय अशा नजरेने. मग हात मांडीवर उपडे ठेवले.

"शंभर," त्या म्हणाल्या. उजेड पडला.

"नव्याण्णव." उजेड.

"अठ्ठ्याण्णव."

फ्लॅशला पुन्हा भरायला तीन-चार सेकंद लागत. काकूंचा आकडाही तेवढाच वेळ घेत होता. त्यामुळे थोड्या वेळाने कोण कुणाची वाट बघतंय ते कळेनासं झालं. आकडा यायचा, खोली पांढरी व्हायची, मग ती पांढरी खोली डोळ्यांच्या आत उलटी होऊन, काळी-हिरवी होऊन, तरंगत खाली जायची आणि तिच्या जागी दुसरी यायची. त्र्याण्णव. ब्याण्णव. ब्याण्णवला काकूंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. एक्क्याण्णव. नव्वद. एकोणनव्वदनंतर त्या समोर बघत होत्या, पण समोरचं बघत नव्हत्या. आवाज हळू झाला होता. बाहेरचं फावडं थांबलं होतं. सत्त्याऐंशी म्हणताना त्यांची मान किंचित एका बाजूला झुकली, शेजारी कुणी मोजायला लागलं असावं आणि त्याचा आकडा ऐकून आपला जुळवून घ्यावा, तशी.

उर्वीने बटण दाबलं आणि तिला कळलं की हाच. तरी ती थांबली नाही. थांबावंसं वाटलं नाही. काकूही थांबल्या नाहीत. सत्तरीत त्यांना आकडे आठवावे लागले, एकोणसत्तरला त्या जरा अडखळल्या, बासष्टला त्यांचे डोळे मिटले आणि त्या मिटल्या डोळ्यांनीच "एकसष्ट" म्हणाल्या. मग डोळे उघडून त्या हसल्या.

"पुरे. आणखी खाली गेले तर तूच मला जागं करायची आहेस."

उर्वीने कॅमेरा खाली घेतला, काकूंपाशी जाऊन बसकण मारली आणि पडद्यावर एकेक मागे नेऊन दाखवू लागली. काकूंनी चष्मा काढून पडदा नाकाशी धरला. नव्वदचा चांगला होता. सत्त्याऐंशीच्या पाशी त्या थांबल्या. अंगठ्याने त्यांनी पडद्याची कड पुसली, जिथे काही लागलेलं नव्हतं.

"ही मी आहे होय," त्या म्हणाल्या. मग कॅमेरा परत देत, "हा दे. दोन प्रती काढ. एक अर्णवला नको पाठवूस, तो घाबरेल. मीच ठेवते दोन्ही."

"काकू, किती वाजले?"

काकूंनी मनगट फिरवून पाहिलं. "तीनला दहा कमी."

उर्वी उठली. ओजस अडीचला उठायचा. कधी दोन पस्तीसला, कधी पंचवीसला. ती जिना चढली, पायरीवरचा पालथा मॉनिटर ओलांडला, स्वयंपाकघर ओलांडलं. गळ्यात कॅमेरा हलत होता, तो तिने पोटाशी धरला. रडण्याचा आवाज नव्हता. दुसऱ्या जिन्यावर तिने दोन-दोन पायऱ्या घेतल्या, आणि शेवटच्या पायरीवर पाय ठेवता ठेवता तिला आतून दुसराच आवाज ऐकू आला. ती थांबली. मग पुढच्या चार पावलांना तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

दार बोटभर उघडं होतं. पडद्याच्या फटीतून बर्फाचा उजेड आत आला होता, आणि त्या उजेडाच्या पट्ट्यात, क्रिबच्या मधोमध, ओजस तिच्याकडे पाठ करून बसला होता. क्रिबच्या बाहेर गालिच्यावर त्याचा ससा पडला होता, दुपट्टं पडलं होतं, दोन पॅसिफायर पडले होते, एक जवळ आणि एक चांगला लांब. तो बराच वेळ जागा असावा. त्याने एका पायातला मोजा काढला होता. तो मोजा त्याने हातावर चढवला होता, अर्धामुर्धा, आणि त्या हाताला तो काहीतरी सांगत होता. मोठं काहीतरी होतं. त्यात प्रश्न होते, मधे थांबणं होतं, एकदा आवाज खाली आणून सांगितलेली गुप्त गोष्ट होती. मग हात किंचित वाकला आणि ओजस खुदकन हसला.

तो जागा होताना उर्वीने शेकडो वेळा पाहिलं होतं. आधी एक कूस, मग एक पाय, मग डोकं वर. आणि डोकं वर व्हायच्या आत ती जिन्यात असायची.

तिचा हात दाराच्या मुठीवर होता. तिने तो काढून घेतला. पायाखालची फळी करकरते हे तिला माहीत होतं, म्हणून तिने वजन दुसऱ्या पायावर घेतलं. खालून काकूंचा आवाज आला, "उर्वी, चहा टाकते गं मी. आलं कुठे आहे?" तिने ओठांवर बोट ठेवलं. जिन्यात कुणी नव्हतं.

ओजसने हातावरचा मोजा उपसून काढला, क्रिबच्या कठड्यावरून बाहेर टाकला आणि तो कुठे पडतोय ते मान वाकवून पाहिलं. उर्वी दाराबाहेरच भिंतीला टेकत, त्याला दिसणार नाही पण फटीतून तो दिसेल अशा बेताने, खाली बसली. मग त्याने दुसरा पाय दोन्ही हातांत धरला आणि त्याचा मोजा ओढायला लागला.